साथ ओसरल्यावर शहराची स्मार्ट आरोग्य यंत्रणा : कोल्हापुरात नव्यानं काम हाती घेणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात रुग्णाला पत्ता विचारला की उत्तर मिळतं, ‘खंडोबा तालमीच्या मागं, दुसरी गल्ली’. पोस्टमनला एवढं पुरतं. संगणकाला पुरत नाही. शहराची आरोग्य यंत्रणा स्मार्ट करायचं काम बहुतेक वेळा याच एका ओळीपाशी अडतं. सर्व्हर, ॲप, भिंतीवरचा मोठा पडदा यांचा नंबर त्यानंतरचा.

नागरी आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, महापालिकेतले अभियंते आणि ‘जरा एक आराखडा करून द्या’ असं ज्यांना सांगितलं गेलंय अशा संस्था-मंडळांसाठी हा लेख आहे. आराखड्यातल्या प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारा: तो रोज कोण बघणार? किती वाजता? बघून कुणाला फोन करणार? तिन्हींची उत्तरं नसतील तर तो आकडा गोळाच करू नका. एएनएमताईंच्या, म्हणजे केंद्राच्या आरोग्यसेविकांच्या, हातात आधीच पुरेशी रजिस्टरं आहेत.

आधी ही कागदपत्रं जमवा

- नागरी आरोग्य केंद्रांच्या हद्दीचे नकाशे, आणि कोणती आशा कुठल्या गल्ल्या सांभाळते त्याची यादी
- पाणीपुरवठा विभागाचा जलवाहिन्यांचा नकाशा, व्हॉल्व्हच्या जागा आणि पाणी सोडायच्या वेळा
- पाटबंधारे खात्याच्या पूररेषा: निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची
- शुश्रूषागृह नोंदणीतली खासगी दवाखान्यांची यादी: मंजूर खाटा, अग्निसुरक्षा तपासणीची तारीख, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी
- प्रत्येक रुग्णालयाचा वीज ग्राहक क्रमांक आणि फीडरचं, म्हणजे तिथं वीज आणणाऱ्या वाहिनीचं, नाव
- किमान तीन वर्षांचे साप्ताहिक रुग्णआकडे, कागदावर असले तरी चालतील

जलवाहिन्यांचा नकाशा सगळ्यात उशिरा मिळतो, आणि मिळतो तोही जुना. त्याची खरी आवृत्ती चावीवाल्याच्या, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाच्या, डोक्यात असते. प्रत्येक भागाच्या चावीवाल्याबरोबर एक सकाळ घालवा आणि त्यानं कुठली चावी फिरवली की कुठल्या गल्ल्यांना पाणी जातं ते लिहून घ्या. पुढं पायरी ४ मध्ये हाच कागद लागणार आहे.

पायरी १ : कोणत्या संकटासाठी आखताय ते ठरवा

इथं साथ एकटी येईलच असं नाही. जुलै २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट पुरती ओसरली नव्हती आणि पंचगंगेला महापूर आला. २०१९ प्रमाणं त्याही वेळी राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली होती. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. म्हणजे रुग्ण वाढलेले, आणि बाहेरून येणारा ऑक्सिजन, औषधं, तंत्रज्ञ सगळं पाण्यापलीकडं. दुसऱ्या शहराचा तयार आराखडा उचलून आणला तर त्यात नेमकं हेच पान नसतं.

पायरी २ : पत्त्यांची यादी करा

या पायरीला दोन महिने लागले तरी चालतील. इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

शहराचे साधारण १०० घरांचे तुकडे पाडा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. घरटी साडेचार माणसं धरली तर सव्वा लाखाजवळ घरं आणि १२०० च्या वर तुकडे होतात. वाढीव वस्तीसाठी आणखी थोडे धरा. प्रत्येक तुकड्याला चार अंकी क्रमांक द्या आणि तो पुन्हा कधीही बदलू नका. क्रमांकापुढं एवढं लिहा: पेठ किंवा कॉलनीचं नाव, लोकांच्या तोंडची नावं, जवळची खूण, आरोग्य केंद्र, आशाताईंचं नाव, पाण्याची चावी, पूररेषेच्या आत की बाहेर, आणि तुकड्याच्या मध्याचे अक्षांश-रेखांश.

‘लोकांच्या तोंडची नावं’ या रकान्यात कंजुषी करू नका. तालीम, मंडळ, देऊळ, बंद पडलेलं थिएटर, जुनी गिरणी, सगळं येऊ द्या. ही माहिती कार्यालयात बसून मिळत नाही. आशाताई आणि तालमीतली पोरं ती तासाभरात सांगतात.

एक नमुना. ‘राजारामपुरी ३ री गल्ली’, ‘राजारामपुरी तिसरी गल्ली’, ‘राजा. ३’ अशा तीन नोंदी संगणकाला तीन जागा वाटतात. एका गल्लीतले डेंग्यूचे सहा रुग्ण मग दोन-दोन-दोन असे विखुरतात आणि कुणाच्याच नजरेत भरत नाहीत. म्हणून पत्ता हातानं टाइप करू देऊ नका. दोन अक्षरं टाकली की यादी उघडावी आणि त्यातला तुकडा निवडावा.

या पायरीवर नेहमीच्या चुका तीन.

पहिली, निवडणुकीचे प्रभाग पाया म्हणून धरणं. २०१५ ला महापालिकेत ८१ एकसदस्यीय प्रभाग होते, नंतर बहुसदस्यीय रचना आली. हद्दी सरकल्या की मागच्या वर्षांशी तुलना संपली. प्रभागनिहाय तक्ता मागितला जाईलच; तो तुकडे जोडून काढून द्या.

दुसरी, एकच पत्ता विचारणं. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत करवीर, पन्हाळा, शाहूवाडीचे रुग्ण असतात, आणि केसपेपर लवकर निघावा म्हणून पुष्कळजण शहरातल्या पाहुण्यांचा पत्ता देतात. ‘गाव कुठलं?’ आणि ‘गेले पंधरा दिवस मुक्काम कुठं?’ असे दोन प्रश्न हवेत. साथीच्या कामाला दुसरं उत्तर लागतं. बाहेरगावच्या नोंदीला केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला गावाचा कोड वापरा, स्वतःचा नवा कोड काढू नका.

तिसरी, कामाची जागा न विचारणं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दिवस काढणाऱ्या माणसाला डास घरात चावला की कारखान्यात, ते घराच्या पत्त्यावरून कळत नाही.

पायरी ३ : नोंद एकदाच, रुग्ण समोर असताना

केसपेपर काढताना भरलेली माहितीच पुढं सगळीकडं जायला हवी. संध्याकाळी पाचला रजिस्टर बघून संगणकात भरायची पद्धत ठेवली तर गर्दीच्या दिवशी नोंदी हमखास गळतात, आणि साथ नेमकी गर्दीच्याच दिवशी असते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाची डिजिटल आरोग्य ओळख, आणि क्यूआर कोडवरून ओपीडी नोंदणी वापरा. रांग खरोखर कमी होते. पण आभा ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. ज्येष्ठांकडं स्मार्टफोन नसतो, म्हणून एक खिडकी साध्या केसपेपरची राहू द्या. रुग्णालयाची आरोग्य सुविधा नोंदवहीत आणि डॉक्टरांची व्यावसायिक नोंदवहीत नोंद आधी उरकून घ्या, नाहीतर जोडणीच्या दिवशी काम अडतं.

रोगसर्वेक्षणासाठी एकात्मिक आरोग्य माहिती मंच, म्हणजे आयएचआयपी, देशभर आहेच. त्यात तीन फॉर्म: ‘एस’ लक्षणांवरून, तो आरोग्यसेवक भरतात, ‘पी’ संशयित निदानाचा, तो डॉक्टर भरतात, ‘एल’ प्रयोगशाळेचा. शहराचं नवं सॉफ्टवेअर या तिन्हींना माहिती आपोआप देणारं हवं. वेगळं ॲप काढून त्याच ताईंना तोच रुग्ण दुसऱ्यांदा भरायला लावलं तर महिन्याभरात दोन्हीकडं अंदाजे आकडे येऊ लागतात. दोष ताईंचा नसतो.

खासगी डॉक्टरांचं काय, हा प्रश्न येतोच. तापाचे पहिले रुग्ण गल्लीतल्या दवाखान्यातच जातात. त्यांच्याकडून वीस रकाने मागू नका. रोज रात्री तीन आकडे मागा: ताप, जुलाब, कावीळ, आणि प्रत्येकापुढं तुकड्याचा क्रमांक. प्रत्येक केंद्राच्या हद्दीतले आठ-दहा चालते दवाखाने मिळाले तरी सुरुवातीला पुरे.

पायरी ४ : इशारा कधी वाजणार आणि वाजल्यावर कोण हलणार

साधं सूत्र असं: मागच्या आठवड्यांची सरासरी अधिक प्रमाण विचलनाची दुप्पट. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप. समजा एका केंद्रात चार आठवड्यांत तापाचे ३८, ४२, ४० आणि ४४ रुग्ण आले. सरासरी ४१, विचलन २.६, मर्यादा ४६ च्या थोडी वर. ४७ झाले की इशारा.

हे सूत्र दोन ठिकाणी फसवतं. दिवाळीत ओपीडी ओस असते आणि नंतरच्या सोमवारी भरून वाहते. म्हणून रोजच्या नव्हे, आठवड्याच्या आकड्यावर चालवा. आणि साथ सावकाश वाढली तर चार आठवड्यांची सरासरीही तिच्याबरोबर वर चढते, इशारा वाजतच नाही. त्यासाठी मागच्या तीन वर्षांतले त्याच महिन्याचे आकडे शेजारी ठेवा. ती जुनी रजिस्टरं इथं कामाला येतात.

काविळीला हे गणित लावूच नका. एकाच चावीच्या पाण्यावरचे दोन रुग्ण पंधरवड्यात दिसले की निघायचं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाणी काय करतं ते या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको.

रुग्ण दिसला म्हणजे संसर्ग आज झाला असं नव्हे. किती मागं बघायचं ते रोगागणिक बदलतं:

- कॉलरा: काही तास ते ५ दिवस
- डेंग्यू: डास चावल्यापासून साधारण ४ ते १० दिवस
- लेप्टोस्पायरोसिस: बहुधा ५ ते १४ दिवस, कधी महिनाभरही
- कावीळ, ई प्रकारची: १५ ते ६० दिवस

शेवटची ओळ पुन्हा वाचा. आज काविळीचा रुग्ण आला तर दोषी गळती दीड महिन्यापूर्वीची असू शकते, आणि ती एव्हाना बुजवलीही असेल. म्हणून पाणीपुरवठा विभागाचं दुरुस्तीचं रजिस्टर तुकड्याच्या क्रमांकासकट निदान दोन महिने मागं बघता आलं पाहिजे. ते जोडलेलं नसेल तर पथक आजच्या नळाचा नमुना घेतं, तो चांगला येतो आणि फाइल बंद होते. ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते. इशारा वाजताच त्या चावीवरच्या गरोदर महिलांची यादी एएनएमच्या फोनवर त्याच दिवशी गेली पाहिजे. स्मार्ट म्हणावं असं या सगळ्या यंत्रणेत काही असेल तर ती यादी.

क्लोरिन तपासणीचंही बघा. घरच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर शेष क्लोरिन हवा. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात औषध टाकून रंगावरून क्लोरिन बघायची चाचणी, वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरी, थेट लाइनीच्या नळावर करायची. टाकीतल्या पाण्यावर केली तर उपयोग नाही. रंग लगेच वाचायचा. पाच मिनिटांनी वाचला तर मुक्त आणि संयुक्त क्लोरिनची बेरीज दिसते आणि आकडा उगाच गोड येतो. खरी मेख वेळेची आहे: पहाटे पाणी सुटणाऱ्या भागात दहाला ड्यूटीवर येणाऱ्या माणसाला लाइनीत पाणी सापडत नाही. नोंदीत वेळ सक्तीची करा. अकराची वेळ आणि टोकाचं घर अशी नोंद त्या भागातून आली की ती बसल्या जागी भरलीय, हे समजून जा.

डेंग्यूसाठी एनएस१ ची, म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधणारी, चाचणी पहिल्या पाच दिवसांत, नंतर प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम एलायझा. कार्डवरच्या झटपट चाचणीचे आकडे वेगळ्या रकान्यात ठेवा; दोन्ही मिसळले की साथ आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि धूर फवारणीची मागणी सुरू होते. धुरानं उडते डास मरतात, भांड्यातल्या अळ्या तशाच राहतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पाण्याची भांडी रिकामी करून वाळवायचा कोरडा दिवस आठवड्याला एक.

सांडपाण्याची तपासणी हवी असेल तर कसबा बावडा आणि दुधाळी इथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर येणाऱ्या पाण्याचा नमुना घ्या. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ४ अंशांवर थंड ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत. पाऊस पडला की नमुना पातळ होतो. नोंदीत पाऊसही लिहा. पायऱ्या १ ते ३ नीट बसल्याशिवाय यावर पैसे घालू नयेत.

पायरी ५ : खाटा आणि ऑक्सिजन

खाटांचे चार रकाने पुरेत: साधी, ऑक्सिजनची, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता, व्हेंटिलेटरसह. प्रत्येक आकड्याशेजारी तो कधी भरला ती वेळ ठळक दिसली पाहिजे. सहा तासांपेक्षा शिळा आकडा करड्या रंगात दाखवा. सकाळी ७, दुपारी १ आणि रात्री ८ ला भरायची जबाबदारी पाळीच्या इन्चार्ज सिस्टरांची नव्हे, प्रवेश काउंटरची ठेवा; सिस्टरांना तेवढा वेळ नसतो. खाट आहे पण माणूस नाही, तर ती खाट मोजू नका. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागं दर पाळीला एक परिचारिका धरूनच आकडा द्या.

ऑक्सिजनचा हिशेब हातानं करता आला पाहिजे. कोरोनाकाळात केंद्रानं धरलेलं प्रमाण असं: अतिदक्षता खाटेला मिनिटाला २४ लिटर, इतर खाटेला १० लिटर, आणि इतर खाटांपैकी निम्म्यांना ऑक्सिजन लागेल.

५० खाटांचं रुग्णालय घ्या, १० अतिदक्षता आणि ४० इतर. १० गुणिले २४ म्हणजे २४०. २० गुणिले १० म्हणजे २००. मिनिटाला ४४० लिटर, दिवसाला ६ लाख ३३ हजार लिटर. मोठ्या डी टाइप सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू मावतो, म्हणजे दिवसाला ९० सिलिंडर. द्रवरूप ऑक्सिजनच्या एका लिटरचा ८६० लिटरच्या आसपास वायू होतो, म्हणजे दिवसाला पाऊण किलोलिटर. महामार्ग चार दिवस बंद धरला तर ३६० सिलिंडर किंवा ३ किलोलिटर टाकीत हवेत, वर टाकीतून आपोआप उडून जाणारा भाग वेगळा.

आता याच हिशेबातली फसगत. नाकावाटे जोराचा प्रवाह देणारं यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतं. त्यावर एक डी सिलिंडर दोन तासही पुरत नाही. अशी पाच यंत्रं एकदम लागली की वरची सरासरी कोलमडते. प्रति खाट सरासरीबरोबर ‘सध्या अशी किती यंत्रं चालू’ हा आकडाही रोज हवाच.

हवेतून ऑक्सिजन काढणारे पीएसए प्रकल्प विजेवर चालतात. फीडर बंद पडला की प्रकल्प थांबतो. जनरेटर त्याच्या ताकदीचा आहे का, डिझेल किती तासांचं आहे, आणि जनरेटर लाल पूररेषेच्या वर आहे का, हे तिन्ही स्वतः जाऊन बघा. कागदावर तिन्ही ‘होय’ असतात. या प्रकल्पांची शुद्धता ९३ टक्क्यांच्या आसपास असते. मीटर दर आठवड्याला वाचून लिहा, कारण हवेतला नायट्रोजन शोषून घेणारं आतलं झिओलाइट ओलाव्यानं खराब होतं, आणि इथला पावसाळा काही कमी ओला नसतो.

टाकीवर दाबमापक असतो, पण त्याच्याकडं बघणारा माणूस नेमलेला नसतो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमध्ये टाकीला गळती लागली, दाब कोसळला आणि २० हून अधिक रुग्ण दगावले. दाब ठरल्यापेक्षा खाली गेला की भोंगा वाजवणारा सेन्सर महाग नाही. भोंगा वॉर्डात वाजला पाहिजे, तंत्रज्ञाच्या खोलीत नव्हे. राखीव सिलिंडरांचा मॅनिफोल्ड, म्हणजे ती एकत्र जोडणारी नळ्यांची जोडणी, दर महिन्याला उघडून बघा. पाना जागेवर साखळीनं बांधून ठेवा.

पायरी ६ : पाणी चढायच्या आधीच्या चार याद्या

मे अखेरपर्यंत तुकडानिहाय तयार हव्यात: डायलिसिसचे रुग्ण, घरी ऑक्सिजन यंत्रावर असलेले, आठवा-नववा महिना असलेल्या महिला, आणि क्षयरोग किंवा मधुमेह-रक्तदाबाची रोजची गोळी घेणारे.

डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं. रस्ता तीन दिवस बंद म्हणजे जिवावर. पातळी ३९ फुटांवर येण्याची वाट बघू नका. ३७ ला फोन सुरू करा, ३९ ला माणूस पाण्याच्या अलीकडं आणा. गोळ्यांचा साठा जूनमध्येच महिन्याऐवजी दोन महिन्यांचा द्या. याद्या छापून केंद्रात ठेवा. पुरात वीज जाते, मग मोबाइलचा टॉवर जातो, मग तुमची क्लाउडवरची यादी जाते.

केंद्रातली सामग्री थोडकीच लागते: दोन संगणक, प्रिंटर, इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, आणि नेट नसताना नोंद साठवून नंतर पाठवणारं सॉफ्टवेअर. संगणक जमिनीवर ठेवू नका, लसींचा फ्रीज तर मुळीच नको. लसी २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत, आणि तापमापकाची नोंद रविवारीही व्हायला हवी.

पायरी ७ : खरेदी

टेंडरमध्ये चार अटी घाला. सगळी माहिती दर महिन्याला खुल्या स्वरूपात महापालिकेच्या ताब्यात मिळेल. रुग्णनोंदी एफएचआयआर मानकात, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येईल अशा ठरलेल्या साच्यात, असतील. तीन वर्षांची देखभाल दरात धरलेली असेल. आणि करार संपल्यावर नव्या ठेकेदाराला माहिती देणं बंधनकारक राहील. पहिली अट सुटली तर शहराचीच माहिती शहराला विकत घ्यावी लागते. सॉफ्टवेअरचा मराठी पडदा दाखवल्याशिवाय तांत्रिक लिफाफा उघडू नये, असं आमचं मत.

पायरी ८ : रुग्णाचं नाव व्हॉट्सॲपवर नको

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याच्याही आधी गल्लीतली माणुसकी आहे. पॉझिटिव्ह यादीचा फोटो एका ग्रुपवर पडला की दहा मिनिटांत तालमीच्या कट्ट्यावर पोचतो, आणि पुढचा रुग्ण चाचणीच टाळतो. बाहेर फक्त तुकड्याचा क्रमांक आणि संख्या जाऊ द्या. नाव-फोन त्या भागाच्या एएनएम आणि डॉक्टरांनाच दिसावा. एकाच पासवर्डवर पाच जण काम करत असतील तर चूक कुणाची हे कधीच कळत नाही. आधारची झेरॉक्स मागायची सवय मोडा.

पायरी ९ : दोन केंद्रांवर सहा आठवडे

सगळ्या शहरात एकदम सुरू करू नका. एक केंद्र नदीकाठचं घ्या, एक दाट पेठेतलं. सगळ्यात हुशार केंद्र निवडायचा मोह टाळा. तिथं काहीही चालतं. सहा आठवड्यांत तीन गोष्टी मोजा: एका नोंदीला किती मिनिटं लागली, किती नोंदींत तुकड्याचा क्रमांक चुकला, आणि इशारा वाजल्यापासून माणूस घरी पोचेपर्यंत किती तास गेले. नोंदीला दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर रकाने कापा. शंभरात पाचाहून जास्त क्रमांक चुकत असतील तर पायरी २ कडं परत जा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तालीम घ्या, इथं रंगीत तालीम म्हणायचंय. पूर्वसूचना न देता दुपारी दोनला केंद्राचं नेट बंद करा आणि सांगा: पातळी ३९ फूट, एका चावीवर काविळीचे तीन रुग्ण, ऑक्सिजनची गाडी शिरोलीच्या पलीकडं अडकली. मग घड्याळ लावा आणि छापील यादी कोणत्या कपाटात आहे, त्या कपाटाची किल्ली कुणाकडं आहे आणि ती व्यक्ती आज रजेवर आहे का, एवढंच बघा.